मळ्यातील बिनतारी संचांना टोपणनावे द्या

सातबाऱ्यावर जमिनीचा गट क्रमांक असतो. पण घरात कोणी गट क्रमांक सांगून पाणी सोडायला लावत नाही. "चिंचेच्या वावरात पाणी सोड" म्हटले की माणूस बरोबर तेथेच जातो. हीच पद्धत मळ्यातील बिनतारी संचांसाठी वापरावी, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

आता अनेक बागायतदारांकडे घर, विहीर, टेकडी व हरितगृह वायफायने जोडलेली असतात. जाळ्यातील प्रत्येक संचाला १९२.१६८.१.२१ यासारखा पत्ता असतो. संच दोन-तीन असेपर्यंत हे आकडे लक्षात राहतात, पुढे घोटाळा होतो. एका बागायतदाराच्या घरी बसून मी हरितगृहातील संचाचा चॅनल बदलत होतो. शेवटचा आकडा २१ हवा होता, मी १२ टाकला. तो टेकडीवरचा संच निघाला. विहीर व हरितगृह त्याच्यामार्फतच जोडलेली असल्याने दोन्हींचा संपर्क तुटला आणि रात्री बॅटरी घेऊन टेकडी चढावी लागली.

आधी पत्ता कायम करावा

मुख्य राऊटर पुष्कळदा मोकळा असेल तो पत्ता संचाला देतो. आज विहिरीचा असलेला पत्ता उद्या कॅमेऱ्याकडे जाऊ शकतो. म्हणून प्रत्येक संचाच्या चिठ्ठीवरील बारा अक्षरी मॅक क्रमांक पाहून राऊटरमध्ये त्याच्यासाठी पत्ता राखून ठेवावा. एकाच बनावटीच्या नव्या संचांचा कारखान्यातून आलेला पत्ता बहुधा सारखाच असतो. ते एकेक करूनच जोडावेत.

टोपणनावांची फाइल

आपल्या संचांत एसएसएचची सोय आहे का, हे माहितीपुस्तिकेत पाहावे. विंडोज १० मध्ये २०१८ पासून संगणकाच्या बाजूची ही सोय अंगभूत आहे. आपल्या घरच्या फोल्डरमधील 'डॉट-एसएसएच' या फोल्डरात 'कॉन्फिग' नावाची फाइल करावी. नोटपॅड नावापुढे 'टीएक्सटी' जोडते, ते काढून टाकावे. फाइलीत पुढीलप्रमाणे नोंदी कराव्यात. येथे त्या देवनागरीत दिल्या आहेत. प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरे व आकडे वापरावेत.

होस्ट मळा-टेकडी
होस्टनेम १९२.१६८.१.१२

होस्ट मळा-हरितगृह
होस्टनेम १९२.१६८.१.२१

होस्ट मळा-*
यूजर रूट

शेवटच्या नोंदीतील फुलीचा अर्थ 'मळा-' ने सुरू होणारे सर्व संच. सर्वांना समान असलेली बाब तेथे एकदाच लिहावी. 'रूट'च्या जागी आपल्या संचाचे वापरनाव घालावे. एकच बाब दोनदा आल्यास आधी आलेली धरली जाते, म्हणून विशेष नोंदी वर व सामाईक नोंद खाली ठेवावी. यानंतर 'एसएसएच मळा-हरितगृह' एवढेच टंकित करावे. पुढे पत्ता बदलला तर या फाइलीत एकाच ओळीत दुरुस्ती करावी लागते. नाव तेच राहते.

नाव कसे असावे?

१) जागेवरून द्यावे, कंपनीवरून नव्हे. संच बदलतो, विहीर बदलत नाही.
२) 'विहीर१' व 'विहीर११' अशी फसवी जोडी टाळावी. नावात मोकळी जागा सोडू नये.
३) तेच नाव संचाच्या आतही होस्टनेम म्हणून भरावे व पेटीवर रंगाने लिहावे. बऱ्याच संचांत आज्ञा देण्याच्या ओळीवर हे नाव दिसते. ते वाचल्याशिवाय आज्ञा देऊ नये.

घ्यावयाची काळजी

टोपणनाव हे केवळ त्या संगणकापुरते असते. मुलाच्या संगणकावर फाइलीची प्रत द्यावी. या फाइलीत पासवर्ड लिहिण्याची सोय नाही, तो स्वतंत्र जपावा. पहिल्या जोडणीच्या वेळी संगणक संचाची ओळख-किल्ली नोंदवून ठेवतो. पुढे किल्ली बदलल्याची सूचना आली तर घाईने पुढे जाऊ नये. त्या पत्त्यावर दुसराच संच असू शकतो. आपण स्वतः संच बदलला असेल किंवा मूळ स्थितीला आणला असेल, तरच जुनी नोंद काढावी.

टोपणनाव चुकीच्या पत्त्यावर बसले तर ते आकड्याहूनही घातक, कारण नावावर आपण डोळे मिटून विश्वास ठेवतो. म्हणून आधी पत्ता कायम करावा, मग नाव द्यावे व शेवटी संचाच्या आतील नावाशी पडताळावे. हंगाम सुरू होण्यापूर्वी एक सकाळ या कामाला दिल्यास ऐन पाण्याच्या पाळीत होणारी धावपळ टळेल.