कानातली पोकळी आणि डीजेची भिंत



जयंती मंडळांच्या बैठका सुरू झाल्या की एक प्रश्न आमच्याकडे हमखास येतो. "सिस्टर, डीजेनं खरंच बहिरेपण येतं, का आपली मिरवणूक बंद पाडायला उठवलेली आवई आहे?" प्रश्न रागाने विचारलेला असतो आणि तो राग समजण्यासारखा आहे. हीच भिंत लग्नाच्या वरातीत, गणपतीत, उरुसात आणि निवडणुकीच्या विजयी मिरवणुकीतही वाजते. पण काहींना आवाजाचा त्रास नेमका एप्रिलमध्येच आठवतो. तरीही मिरवणूक कुणाची आहे हे कानाला कळत नाही. म्हणून या वेळी उत्तर जरा मुळापासून देत आहोत.

घरातली रिकामी बाटली घ्या. तिच्या तोंडाच्या काठावर आडवी फुंकर मारा. "भूं" असा आवाज येईल. आता बाटली अर्धी पाण्याने भरा आणि पुन्हा फुंका. आवाज बारीक झाला. विहारातल्या रविवारच्या वर्गात आम्ही हा प्रयोग करतो, तेव्हा मुले बाटल्यांची रांगच लावतात. होते असे की बाटलीच्या गळ्यातली हवा बुचासारखी आतबाहेर हलते आणि पोटातली हवा स्प्रिंगसारखी तिला परत ढकलते. या ये-जा करण्याचा वेग त्या पोकळीच्या मापावर ठरलेला असतो. फुंकरीत अनेक आवाज मिसळलेले असतात. त्यातला आपल्या मापाचा तेवढा बाटली उचलते आणि मोठा करते. झोपाळ्याला योग्य वेळी हलकासा धक्का देत राहिले की तो उंच जातो, तसेच हे. याला अनुनाद म्हणतात.

एकतारीचा भोपळा काढून टाका, तारेचा आवाज किरटा होईल. जुन्नरच्या लेण्यांतल्या भिक्खूंच्या लहान खोलीत उभे राहून तोंड मिटून हुंकार द्या आणि पट्टी हळूहळू बदला; एका पट्टीला अख्खी खोली घुमून उत्तर देते. पारनेर-अकोल्याकडच्या वाचकांना जुन्नर लांब नाही, जाल तेव्हा करून पाहा.

आपले शरीरही पोकळ्यांनी भरलेले आहे. स्वरयंत्रातून निघणारा आवाज नुसता भुणभुण असतो. घसा, तोंड आणि नाक यांच्या पोकळीतून जाताना त्याचा "आ" किंवा "ई" होतो, कारण जीभ हलली की पोकळीचे माप बदलते. सर्दीत नाक चोंदले की बोलणे बदलते तेही यामुळेच. छातीचे तर शास्त्रच झाले. व्हिएन्नातले डॉक्टर औएनब्रुगर हे खानावळवाल्याचे चिरंजीव. छातीवर बोटांनी ठोकून आतले ओळखण्याची पद्धत त्यांनी १७६१ मध्ये पुस्तकातून मांडली. पिंपावर ठोकून आत दारू कुठवर आहे ते बघतात, तशीच ही रीत. हवा भरलेले फुफ्फुस पोकळ वाजते. टीबीमुळे छातीत पाणी झाले असेल तर त्या जागी आवाज ठस्स येतो. एक्स-रेच्या जमान्यातही डॉक्टर आधी बोटांनीच ठोकतात.

आता कानाकडे येऊ. कानाच्या भोकापासून पडद्यापर्यंतची नळी मोठ्या माणसात साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते. एका टोकाला उघडी, दुसऱ्या टोकाला पडद्याने बंद; म्हणजे बाटलीची भावकीच. ही नळी सेकंदाला सुमारे ३००० कंपनांच्या आवाजाला घुमते आणि त्या पट्टीतला आवाज पडद्यापर्यंत १० ते १५ डेसिबलने वाढवून नेते. ही सोय आपल्या भल्याची आहे. त्या पट्टीच्या आसपास आणि तिच्या वर "स", "श", "च", "त" अशा व्यंजनांची ओळख असते. कुजबुज ऐकू येते ती या नळीच्या कृपेने.

पण हीच नळी डीजेचा आवाजही वाढवते. पोरांच्या भाषेत भिंतीत "बेस" आणि "टॉप" असतात. बेसची पेटी म्हणजे मोठी बाटलीच. तिला ठेवलेले भोक आणि आतली पोकळी यांचे माप जुळवून खालचा आवाज फुगवलेला असतो. त्याने पत्रे थडथडतात आणि छातीत धक्के बसतात. मोठ्या बेसजवळ उभे असताना फुफ्फुसाला छिद्र पडून हवा छातीत शिरल्याचे रुग्ण बेल्जियमच्या डॉक्टरांनी २००४ मध्ये नोंदवले आहेत. असे क्वचितच घडते. कानाचे मात्र रोजचे आहे, आणि तिथे टॉपचा कर्कश आवाज जास्त मारतो, कारण तो नळीच्या पट्टीत बसतो. आतल्या शंखाकृती भागात एका कानात जेमतेम पंधरा हजार केसपेशी असतात. जी मेली ती मेली, माणसात ती पुन्हा उगवत नाही. आवाजाने आलेल्या बहिरेपणात तपासणीच्या आलेखावर बहुधा ४००० च्या आसपास खड्डा पडतो. नळीने जिथे आवाज वाढवला, त्याच्या जरा वरच पेशी आधी जातात.

म्हणून अशा माणसाला आपण बहिरे होत आहोत हे कळतच नाही. ढोल ऐकू येतो, ट्रक ऐकू येतो, माणसाचा आवाजही ऐकू येतो; फक्त शब्द लागत नाहीत. "गोळी सातला घ्या" सांगितले तर "आठला" ऐकू येते. घरचे म्हणतात, लक्ष नसते. वामनदादा कर्डक आपल्या संगमनेर-अकोल्याला लागून असलेल्या सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. त्यांच्या गाण्यात विचार आहे तो शब्दांत. भिंतीपुढे दरवर्षी नाचलेल्या पोराला चाळिशीत चाल ऐकू येईल आणि शब्द निसटतील, याचे आम्हाला फार वाईट वाटते.

किती आवाज सोसतो? ८५ डेसिबल आठ तास, ही कामगारांसाठीची मर्यादा. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो : ८८ ला चार तास, ९१ ला दोन, आणि १०० ला फक्त पंधरा मिनिटे. भिंतीसमोर १०० सहज ओलांडतात आणि मिरवणूक चालते पाच-सहा तास. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट केले की लहान स्पीकरचा आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. मोठी भिंत आणि अरुंद गल्ली असेल तर तेवढा उतरत नाही, कारण गल्ली स्वतःच पोकळी बनते.

तान्ह्या बाळाची नळी आखूड आणि अरुंद असते. तेवढ्याशा जागेत आवाजाचा दाब मोठ्यांपेक्षा जास्त होतो. बाळाला दाखवायला म्हणून भिंतीपुढे नेणाऱ्या आयांना आम्ही हात जोडतो. बाळ झोपले म्हणजे त्याला त्रास नाही, असा अर्थ काढू नका.

कापसाचा बोळा जवळजवळ निरुपयोगी आहे. मेडिकलमध्ये स्पंजचे इअरप्लग स्वस्त मिळतात. बोटांत वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर-मागे ओढा, आत सारा आणि फुगेपर्यंत धरून ठेवा. डीजे चालवणारा पोरगा, ट्रॅक्टरचा ड्रायव्हर आणि दोरी धरणारे स्वयंसेवक यांना मंडळाने ते आधी द्यावेत. सगळ्यात जास्त वेळ तेच जवळ असतात. हलगीवाल्यांनाही द्या. हलगी आपली आहे म्हणून तिची थाप कानाला मऊ लागत नाही.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. दवाखाना, शाळा आणि न्यायालयापासून १०० मीटरपर्यंतचा भाग राज्य सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकते. हे नियम सर्वांच्या मिरवणुकांना आहेत. फक्त आपल्या मंडळाला नोटीस आली तर इतरांना दिलेल्या नोटिसांच्या प्रती माहितीच्या अधिकारात जरूर मागा. पण तो अर्ज लिहिताना भिंतीची उंचीही कमी करा.

मिरवणुकीनंतर कानात "कुंई" वाजत राहिले किंवा दडे बसले, तर ती पेशींना मार बसल्याची खूण आहे. रात्रभरात ते गेले तरी पुढच्या वर्षी तिथे उभे राहू नका. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तर तेल घालत बसू नका, मळ काढणाऱ्याकडे जाऊ नका. दोन-तीन दिवसांच्या आत कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. वेळेत औषध सुरू झाले तर ऐकू परत येण्याची शक्यता बरीच असते, आठवडे गेल्यावर ती खूप कमी होते. नगरच्या जिल्हा रुग्णालयात जाताना "कान दुखतो" एवढेच सांगू नका; "आवाजानंतर कमी ऐकू येते, ऑडिओमेट्री करायची आहे" असे स्पष्ट सांगा. आलेख हातात आला की ४००० च्या आकड्याखाली रेघ कुठे आहे ते डॉक्टरांना विचारा, आणि कागद जपून ठेवा; पुढच्या वर्षीच्या तपासणीशी तो ताडून बघायचा आहे.