टोकणारा मित्र

हवाई छत्री पाठीवर बांधून हौसेने आकाशातून उड्या घेणारे लोक आज अनेक देशांत आहेत. सुमारे चार हजार मीटर उंचीवरून त्यांनी उडी घेतली, की जवळजवळ एक मिनिट ते ताशी 200 किलोमीटर वेगाने खाली येतात. मग छत्री उघडते.

हे लोक मोठे थट्टेखोर असतात. एखादा ठरलेल्या जागेपासून दूर उतरला आणि छत्रीचे बोचके घेऊन पायपीट करीत आला, की "काय, गावाला जाऊन आलास वाटते?" असे म्हणून सारे हसतात.

परंतु उडीपूर्वी प्रत्येक जण आपले व सोबत्याचे पट्टे तपासतो, तेव्हा थट्टा थांबते. "आपला पट्टा सैल आहे," असे नवख्याने सांगितले, तरी मुरलेला वस्ताद त्याचे आभारच मानतो.

या दक्षतेस कारण आहे. 1988 साली अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात, शेकडो उड्यांचा अनुभव असलेल्या एका गृहस्थाने इतरांचे चित्रण करण्यासाठी विमानातून उडी घेतली. चित्रणाचे साहित्य अंगावर होते; छत्री मात्र बांधावयाची राहून गेली होती. ते वेळीच कोणाच्या ध्यानी आले नाही. तो वाचला नाही.

सवयीने आपली नजर आपल्याच चुकीवरून घसरते. मित्राला ती चूक दिसते. म्हणून हसविणारा मित्र हवाच. परंतु वेळ येताच संकोच न करता टोकतो, तोच खरा मित्र होय.