वचनाच्या मागचं-पुढचंही वाच

माझ्या लाडक्या भाचीस,


पुढच्या रविवारपासून तरुण संघाचा बायबल अभ्यास तू घेणार, हे कळून फार आनंद झाला. तू विचारतेस, पवित्र शास्त्र देवाच्या प्रेरणेनं लिहिलं गेलं असं आपण मानतो, तर अर्थ लावायचा खटाटोप कशाला? लिहिलंय ते मानावं आणि तसं चालावं, एवढं पुरे नाही का?

बाळ, प्रेरणेवर विश्वास आहे म्हणूनच तो खटाटोप करायचा. पेत्राच्या दुसऱ्या पत्राचा पहिला अध्याय काढ. पवित्र आत्म्यानं प्रेरित होऊन माणसं बोलली, असं तिथं म्हटलं आहे. प्रेरणा देवाची आणि बोलणारी माणसं, दोन्ही खरं. देवानं त्यांचा हात धरून अक्षरं गिरवून घेतली नाहीत. लूक सुरुवातीलाच सांगतो की त्यानं सगळ्या गोष्टींचा मुळापासून शोध घेतला. पौल करिंथकरांना लिहितो की क्रिस्प आणि गायस यांच्याशिवाय मी तुमच्यापैकी कोणाचा बाप्तिस्मा केला नाही. लगेच त्याला स्तेफनाच्या घरची माणसं आठवतात, आणि आणखी कोणाचा केला असल्यास आठवत नाही, असंही तो लिहून टाकतो. ही आठवण-विसर शास्त्रात तशीच राहिली आहे. मला त्यात देवाची मोठी कृपा दिसते. तो माणसाला बाजूला सारून बोलत नाही. म्हणून लिहिणारा कोण, कोणाला आणि कोणत्या प्रसंगी लिहितो, हे विचारणं म्हणजे अविश्वास नव्हे. देवानं जी वाट निवडली, तिचा तो मान आहे.

यिर्मयाच्या २९व्या अध्यायातलं ११वं वचन घे. देवाच्या मनात आपल्या हिताचे संकल्प आहेत, हे वचन आपल्याकडे कॅलेंडरवर असतं, परीक्षेच्या शुभेच्छापत्रावर असतं. पण ते एका पत्रातलं वाक्य आहे. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलला धरून नेलेल्या लोकांना यिर्मयानं यरुशलेमहून ते पत्र पाठवलं. हनन्या नावाचा संदेष्टा देवाचंच नाव घेऊन सांगत होता की दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल. यिर्मया मात्र ११व्या वचनाच्या आधीच्याच वचनात सत्तर वर्षं म्हणतो. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. त्यांना सांगणं होतं की घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, आणि ज्यांनी धरून नेलं त्यांच्या नगरासाठी प्रार्थना करा. एवढं वाचल्यावर त्या वचनातली आशा लहान होत नाही, उलट लांब पल्ल्याची होते. नापास झालेल्या मुलालाही ती पुरते.

तुकडा तोडून वाचण्याचा धोका येशूच्या परीक्षेत दिसतो. मंदिराच्या शिखरावर सैतान ९१व्या स्तोत्राचा आधार देतो, आणि येशू अनुवाद या पुस्तकातल्या वचनानं उत्तर देतो. शास्त्राचा अर्थ सबंध शास्त्राच्या उजेडात लावायचा, हे आपण प्रभूकडूनच शिकतो. याच्या उलट काय होतं तेही पाहा. १८०७ साली लंडनमध्ये वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी निवडक बायबल छापलं गेलं. त्यात योसेफाचं दास्य ठेवलं आणि इस्राएलाची मिसरातून झालेली सुटका गाळली. ठेवलेला शब्द न् शब्द शास्त्रातलाच होता, तरी माणसांना बांधून ठेवायला तो वापरला गेला. कोणी एखादं वचन दाखवून दुसऱ्याला दाबू लागला, तर सबंध अध्याय उघडायला सांग.

तुझ्या गटात काही जण म्हणतील की बायबलमध्ये तसूभरही चूक नाही. काही म्हणतील की तारणाच्या सत्याबाबत ते निर्दोष आहे. या वादात पहिलाच महिना घालवू नकोस. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६५ साली आणि शिकागोत जमलेल्या इव्हँजेलिकल पुढाऱ्यांनी १९७८ साली आपापल्या निवेदनांत लेखनप्रकार ओळखून अर्थ लावायला सांगितलं आहे. भूमिका निराळ्या, पण काव्याला काव्य आणि पत्राला पत्र म्हणून वाचा, यावर दोघांचं एकमत आहे. तिथून सुरुवात कर.

पहिल्या रविवारी यिर्मया २९, वचनं १ ते १४ मोठ्यानं वाचून घे. पत्र कोणाचं, कोणाला, तेव्हा त्यांची अवस्था काय, हे आधी मुलांनाच सांगू दे. मग ख्रिस्ताला ओळखणारे आपण ते कसं ऐकतो, ते विचार. आज आपण काय करायचं, हा प्रश्न सगळ्यात शेवटी. उत्तर येत नसेल तर तसं सांग आणि पाळकसाहेबांना विचारून पुढच्या रविवारी ये. रथात यशया वाचणाऱ्या कूशी अधिकाऱ्यालाही फिलिप्पाची मदत घ्यावी लागली, आणि ती मागायला तो लाजला नाही.

रोज वाच, प्रार्थना करून वाच आणि चार जणांत बसून वाच. समजलं तेवढं त्याच आठवड्यात आचरणात आण. पुढचं त्यातूनच उलगडत जातं.

ताई आणि भाऊजींना सलाम सांग.

तुझा,
मामा