कळ थांबली म्हणजे खडा गेला असे नव्हे



निमोणे परिसरात उन्हातान्हात राबणाऱ्या माणसाचा घाम भरपूर जातो आणि पाणी पिणे मात्र राहून जाते. अशांना मुतखड्याचा त्रास लवकर होतो. कमरेतून जांघेकडे कळ येते, उलट्या होतात. इंजेक्शन घेतले, दोन दिवसांनी कळ थांबली, की आपण म्हणतो, "पडला असंल खडा!" आणि पुन्हा दारे धरायला जातो. चूक इथेच होते.

चारीत दगड अडकला की पाणी मागे तुंबते. तसेच मूत्रनलिकेत खडा अडकला की लघवी तुंबून मूत्रपिंड फुगते. पुढे दुखणे आपोआप कमी होते. पण खडा तिथेच असू शकतो. असे महिनोन्‌महिने राहिल्यास मूत्रपिंड कायमचे निकामी होते. म्हणून कळ थांबली तरी पुन्हा तपासणी करून खडा गेल्याची खात्री करावी.

५ मि.मी.पर्यंतचा खडा बहुधा लघवीवाटे पडतो. १० मि.मी.च्या पुढचा क्वचितच पडतो. कुळथाचा काढा, पानफुटी यांवर विसंबून मोठा खडा अंगावर काढू नये.

पूर्वी कूस चिरून खडा काढीत. आता मुख्य उपाय तीन :

(१) नलिकेतला खडा लघवीच्या मार्गाने दुर्बीण घालून लेसरने फोडतात. चिरा द्यावा लागत नाही.

(२) मूत्रपिंडातला २० मि.मी.पेक्षा मोठा खडा पाठीला लहानसे छिद्र पाडून काढतात. ही रीत १९७६ मध्ये स्वीडनमधून पुढे आली.

(३) लहान खडा शरीराबाहेरून लहरींचे धक्के देऊन फोडतात. हा उपचार पहिल्यांदा १९८० मध्ये जर्मनीतील म्युनिक येथे झाला.

ऑपरेशननंतर पुष्कळदा आत बारीक नळी ठेवतात. ती काही आठवड्यांनी काढावीच लागते. दुखत नाही म्हणून विसरलात, तर त्या नळीवरच नवे खडे धरतात. काढण्याची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

कळेबरोबर थंडी-ताप आला किंवा लघवी बंद झाली, तर सकाळची वाट पाहू नका. रात्रीच दवाखाना गाठा.

खर्चाच्या भीतीने थांबू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मुतखड्याच्या शस्त्रक्रिया आहेत. रेशनकार्ड व आधारकार्ड घेऊन योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा.

आणि रानात जाताना पाण्याची कळशी विसरू नका. लघवी पांढरी स्वच्छ होईल इतके पाणी रोज प्या.