टी.सी., ट्रायल आणि स्टेटस

बाळा,

बारावीचा निकाल लागल्यापासून तुझा फोन हातातून सुटत नाही, असं अक्का सांगत होती. नांदेडचं एक कॉलेज, लातूरची दोन, पुण्याचं एक. कोणी फी माफ म्हणतंय, कोणी होस्टेल आणि रोजची अंडी म्हणतंय. उरुसातल्या कबड्डीच्या सामन्यात तू कव्हर फोडून परत आलास, तो अठरा सेकंदांचा व्हिडिओ कुणीतरी टाकला आणि एका रात्रीत तू सगळ्यांचा लाडका झालास. मामाला आनंदच आहे. लातूर-नांदेडात लेकराचे मार्क विचारणारे गल्लोगल्ली भेटतात. त्याची चढाई बघून फोन करणारा क्वचित भेटतो.

मी तीस वर्षं क्रीडा शिक्षक होतो. मैदानावर हरलेली पोरं पुढच्या वर्षी जिंकताना पाहिली, पण कागदावर आणि मोबाइलवर हरलेल्यांना फार वेळ लागला. अमेरिकेत कॉलेजच्या खेळांवर एनसीएए नावाच्या संस्थेचं लक्ष असतं. शाळकरी खेळाडूशी कोचनं कधीपासून बोलायचं, याची तारीखसुद्धा तिथे ठरलेली. वरच्या गटातल्या बहुतेक खेळांत दहावीचं वर्ष संपल्यावरची १५ जून ही ती तारीख. २०१६ च्या ऑगस्टपासून तर असा नियम आला, की कोचनं पोराच्या पोस्टला लाइक करावं, पण करार होईपर्यंत खाली चारचौघांत एक शब्द लिहू नये. आपल्याकडे असं कुंपण कोणी घातलेलं नाही. रात्री साडेअकराला कुणीही 'भावा, आपल्याकडे ये' म्हणतो. म्हणून ते कुंपण तुलाच घालायचंय.

१. कोणाचाही मेसेज आला की पहिलं उत्तर एकच, 'नमस्कार सर, घरी बोलून कळवतो' — घाईत दिलेला होकार मागे घेताना चांगलं माणूसही खोटं बोलायला लागतं.

२. मग त्या कॉलेजच्या ऑफिसला दिवसाउजेडी फोन लाव आणि हे सर तुमच्याकडेच आहेत का, एवढं विचार — डीपीवर फोटो कुणाचाही लावता येतो. पोहरा सोडण्याआधी दोरी बघावी.

३. ट्रायलच्या नावाखाली कुणाच्या खासगी नंबरवर पैसे पाठवायचे नाहीत, मग तो 'लीग'चं लेटरहेड दाखवो की ट्रॅकसूट — ज्याला तुझा खेळ हवाय तो आधी तुला खेळताना बघतो. पाठवून बसलासच तर लाज बाजूला ठेव आणि त्याच तासाला १९३० ला फोन कर — पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता आले तरच हाती लागतात.

४. फी, होस्टेल, मेस, किट, प्रवासभत्ता, जे काही देणार असतील ते कॉलेजच्या शिक्क्यानिशी कागदावर माग, आणि किती वर्षांसाठी तेही लिहून घे. माझ्या एका विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी सगळं माफ होतं. दुसऱ्या वर्षी गुडघा दुखावला आणि त्याच्या हातात दोन वर्षांच्या फीचा हिशेब पडला. त्याच्याकडे पुरावा म्हणून एक व्हॉइस मेसेज होता, तोही फोन बदलताना गेला — शब्द गोड असला तरी शिक्क्यासारखा उमटत नाही.

५. मूळ टी.सी. आणि मूळ मार्कमेमो निर्णय होईपर्यंत अक्काच्या पेटीत राहू दे — कागद ज्याच्या कपाटात गेला त्याच्या संघात तू गेलास, मग मन कुठेही असो.

६. दोघांना हो म्हणायचं नाही. नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली या चार जिल्ह्यांचं आहे, म्हणजे नांदेडचं कॉलेज घे की लातूरचं, जर्सी एकच. पुण्याला गेलास की विद्यापीठ बदललं — आणि एका वर्षात दोन विद्यापीठांकडून खेळता येत नाही.

७. यादी लागेपर्यंत 'सिलेक्टेड' असं स्टेटस ठेवू नकोस — शिट्टीआधी पळालेला पहिला येत नाही. शिवाय दुसऱ्या कॉलेजचे सर ते वाचतात आणि तुला न सांगताच तुझं नाव खोडतात.

आता वयाचं. हे जरा बसून वाच.

आपल्या भागात शाळेत नाव घालताना गुरुजींनी जन्मतारीख लिहिली, एक जून. माझी एक जून, तुझ्या बाबांची एक जून, निम्म्या गावाची एक जून. तेव्हा कुणाचं काही बिघडलं नाही. तुझी तारीख मात्र दवाखान्यातली, खरी आहे. तरी मागच्या वर्षी मित्रांनी चौकात तुझं फ्लेक्स लावलं, त्यावर फटाक्यांच्या चित्रात मोठ्ठा '१९' होता. कागदावर तू तेव्हा सतराचा. गमतीत वाढवलेली ती दोन वर्षं अजून चार जणांच्या फेसबुकवर आहेत. आंतरविद्यापीठ स्पर्धेत १ जुलैला वय सतराच्या वर आणि पंचविसाच्या आत लागतं, शालेय स्पर्धेत गट वयावरच पडतात. आणि हरलेला संघ हरकत घ्यायला आला की तो आधी तुझं प्रोफाइल उघडतो.

८. म्हणून वाढदिवसाच्या पोस्टवर आकडा नको, आणि असेल तर कागदावरचाच हवा — केकवरचं वय आणि उताऱ्यावरचं वय भांडायला लागलं की पंच उताऱ्याचं ऐकतो, पण बोलणी खेळाडू खातो.

९. प्रवेश-निर्गम उतारा, आधार आणि दहावीचं प्रमाणपत्र, तिन्हींवर तुझं आणि बाबांचं नाव अक्षर न् अक्षर एकसारखं आहे का, हे आजच बघ — 'ज्ञानोबा' आणि 'ज्ञानेश्वर' घरात एकच असतात, एलिजिबिलिटी फॉर्मवर दोन होतात.

१०. कागदांचे फोटो ग्रुपवर टाकायचे नाहीत. ही चूक माझी आहे. आनंदाच्या भरात मी एका मुलीचं राज्यस्पर्धेचं प्रमाणपत्र आणि आधार, दोन्ही दीडशे जणांच्या ग्रुपवर टाकलं होतं. आठ महिन्यांनी तिच्या आधारवर कुणीतरी सिमकार्ड घेतलेलं निघालं, आणि ती सरावाच्या वेळात पोलीस ठाण्यात बसली. मेडलचा फोटो खुशाल टाक, कागदाचा नको — मेडल चोरून कुणी सिम घेत नाही.

११. माळेगावच्या यात्रेची कुस्ती असो की शेजारच्या गावची कबड्डी, दुसऱ्याच्या नावावर उतरायचं नाही. मित्र म्हणेल, एक मॅच तर आहे. रामलिंग मुदगडचे रुस्तम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदार मामा मैदानात उतरायचे तेव्हा कुस्तीची खबर हलगीवर आणि तोंडातोंडी जायची. आता गावचा सामनाही यूट्यूबवर लाइव्ह असतो आणि तिथेच राहतो — उसन्या नावाचा घाम स्वतःच्या कपाळावर दिसतो.

१२. पूर्णवेळ नोकरी धरलीस तर विद्यापीठाकडून खेळता येणार नाही, हे आधी समजून घे आणि मित्राच्या दुकानात उभं राहून 'जॉइन्ड' असं गंमत म्हणूनही लिहू नकोस — हरकत घेणाऱ्याला गंमत कळत नाही.

१३. कुणी म्हणालं, 'न खेळता सर्टिफिकेट देतो, भरतीला उपयोगी पडेल', तर त्याचा नंबर ब्लॉक कर आणि मला सांग. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के जागा आहेत, आपल्याकडच्या किती पोरांनी त्यावर पोलिसाची वर्दी घातली. पण त्याआधी प्रमाणपत्राची पडताळणी होते. त्या पडताळणीचं विभागीय कार्यालय आपल्यासाठी लातूरलाच आहे. ट्रॅम्पोलिनच्या बोगस प्रमाणपत्रांचं प्रकरण याच मराठवाड्यात गाजलं — खोट्या कागदावरची नोकरी झोप देत नाही, आणि खऱ्या खेळाडूची जागा खाते.

१४. जिथे जिथे खेळलास तिथला एक फोटो, स्पर्धेचं नाव, तारीख, गावाचं नाव आणि निकालाची यादी एका वहीत आणि एका फोल्डरमध्ये ठेव — पाच वर्षांनी पडताळणीला बसशील तेव्हा तुझी आठवण नाही, ही वही बोलेल.

१५. इन्स्टाग्रामवर दिसणारी पावडर, कॅप्सूल, 'स्टॅमिना'चं इंजेक्शन, काही घ्यायचं नाही. भरतीच्या पोरांत ते इंजेक्शन सहज फिरतं, आणि 'सगळेच घेतात' हे त्याचं सगळ्यात मोठं विष. नाडाच्या, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या, तपासणीत सापडलास तर 'मला माहीत नव्हतं' हे उत्तर चालत नाही. पहिल्याच वेळी चार वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते — आणि कबड्डीत अठरा ते बावीस ही चार वर्षं गेली की मागे काय उरतं, तूच मोज.

१६. सर्दी-तापाची गोळीसुद्धा डॉक्टरांना 'मी स्पर्धा खेळतो' असं सांगूनच घे, आणि नाडाचं 'नो युवर मेडिसिन' ॲप टाकून ठेव — तुझ्या मोबाइलमध्ये खेळाच्या कामाचं एखादं तरी ॲप असू दे.

१७. बेटिंगच्या ॲपची जाहिरात करायला कुणी हजार रुपये देऊ केले तर नाही म्हण — पैशांच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं कायद्यानं बंदी आणलीय, आणि ज्याचा चेहरा जाहिरातीत, त्याच्या हरण्यावर लोक संशय घेतात.

१८. सामना संपल्यावर दोन तास फोन बॅगेत. पंच चुकला असेल तर कर्णधार आणि सर लेखी हरकत घेतील — रागात लिहिलेलं तासाभरात पुसलं तरी स्क्रीनशॉट पुसत नाही. आखाड्याची माती आंघोळीनं जाते, स्टेटसची माती नावाला लागते.

हरल्यावर कसं वागावं, यासाठी एक व्हिडिओ शोधून बघ. जानेवारी २०२०, बालेवाडी, महाराष्ट्र केसरीची शेवटची कुस्ती. एकीकडे आपल्या लातूरचा शैलेश शेळके, दुसरीकडे नाशिकचा हर्षवर्धन सदगीर. दोघंही काका पवारांचे पठ्ठे, आणि काका पवारही लातूर जिल्ह्याचेच. सदगीर जिंकला आणि त्यानं काय केलं, तर शैलेशला उचलून खांद्यावर घेतलं. हजारो माणसं बघत होती. मी तो व्हिडिओ किती वेळा बघितला असेल. शैलेशचा चेहरा बघ, आणि ज्या खांद्यावर तो बसलाय तो खांदा बघ. समोरच्या संघातला पोरगा उद्या तुझ्याच विद्यापीठाच्या कॅम्पमध्ये तुझ्या शेजारच्या गादीवर झोपणार आहे, हे लक्षात ठेवून मग त्याच्या फोटोखाली लिही.

१९. टीममधल्या कुणाच्या जातीवर, गावावर, बोलण्यावर विनोद फॉरवर्ड करायचा नाही आणि ग्रुपवर दुसऱ्यानं केला तर हसायचं नाही — साखळीत हात सुटला की चढाईवाला निसटतो, आणि हात मनातून आधी सुटतो.

२०. व्हिडिओ पाठवायचा तर जिंकलेल्या चढाया कापून जोडलेला नको, एक अख्खा सामना पाठव, पकडीत सापडलास तोही. सोबत वजन, उंची, कोणत्या बाजूनं खेळतोस ते लिही — जाणत्या सरांना तुझी चूक दिसली की शिकवायला काय आहे ते कळतं. गाणं लावलेल्या रीलमध्ये त्यांना फक्त गाणं ऐकू येतं.

२१. पुढचे दोन धाकटीला वाचून दाखव, तीही यंदा खो-खोच्या जिल्हा संघात आहे. कोच असो की निवड समितीतला माणूस, सरावाचा निरोप टीमच्या ग्रुपवर यावा आणि त्या ग्रुपवर एक पालक असावा. एकटीला रात्री मेसेज येत असेल, फोटो मागत असेल, 'घरी सांगू नकोस' म्हणत असेल, तर त्याच मिनिटाला अक्काला दाखवायचं, पुसायचं नाही — चांगल्या गुरूला गुपिताची गरज पडत नाही.

२२. बाहेरगावी संघ जाताना सोबत महिला कोच किंवा मॅडम आहेत का, हे विचारायला लाजायचं नाही. २०२२ च्या जूनमध्ये भारतीय क्रीडा प्राधिकरणानं राष्ट्रीय संघटनांना मुली असलेल्या पथकासोबत महिला कोच पाठवायलाच सांगितलं — जे देशाच्या संघाला लागतं ते जिल्ह्याच्या संघालाही लागतं. आणि १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा नंबर तिला तोंडपाठ करायला लाव.

२३. कुणी भडकवलं, 'तू मोठा झालास, आता रोज पोस्ट टाक', तर टाकू नकोस. नांदेडच्या भाग्यश्री जाधवनं पॅरिस पॅरालिंपिकच्या उद्घाटनाला २८ ऑगस्ट २०२४ रोजी सुमित अंतिलसोबत देशाचा तिरंगा धरला. त्या एका फोटोमागे बसल्या जागेवरून किती वर्षं गोळा फेकला असेल, याचा विचार कर — पीक आधी शेतात दिसावं, मग बाजारात.

२४. रात्री दहाला फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला — पहाटे साडेपाचला मैदानावर तुझे पाय जातात, तुझे फॉलोअर्स येत नाहीत.

सोमवारी लातूरचं कॉलेज बघायला निघालास की सकाळची एसटी धर, दुपारी ऑफिस जेवायला उठतं. सगळ्या कागदांच्या दोन-दोन झेरॉक्स आणि सहा पासपोर्ट फोटो घे. होस्टेल आतून बघ, बाथरूम बघ, मेसमध्ये एक वेळ जेव, आणि तिथे राहणाऱ्या दोन जुन्या पोरांना सर नसताना विचार, की दुखापत झाल्यावर इथे काय करतात. ते काय म्हणाले ते मला रात्री फोन करून सांग. पुण्याच्या सरांना त्यानंतर कळवू.

— मामा