स्पेसरच्या आधी पॅकिंग

रीड स्पेसर हा मुळात परदेशातल्या चारचाकी एटीव्हीवाल्यांचा नाद. यामाहाच्या ब्लास्टर आणि बॅन्शी या टू-स्ट्रोक गाड्यांना तो हौसेने बसवतात. आपल्या बीड जिल्ह्यात तशा गाड्या जवळपास नाहीतच. इथे स्पेसरची हौस भागते ती आरएक्स १०० वर. १९८५ ते १९९६ या काळात एस्कॉर्ट्सने बनवलेली ही ९८ सीसीची गाडी, ताकद साधारण ११ हॉर्सपॉवर, आणि इंजिनाच्या तोंडाशी तोच रीड वॉल्व्ह. गेवराईपासून अंबाजोगाईपर्यंत या गाड्या लोकांनी जीव लावून जपल्या आहेत. म्हणूनच कोणी स्पेसर हातात घेऊन आला की मला आधी चार गोष्टी बोलाव्याशा वाटतात.

१. आधी पिंजरा बघा. कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड काढला की आत अ‍ॅल्युमिनियमचा पिंजरा दिसतो, त्यावर पातळ पत्त्या. पिस्टन वर सरकला की क्रँककेसमध्ये ओढ तयार होते, पत्त्या उघडतात आणि मिश्रण आत येतं. पिस्टन खाली येताना त्या मिटतात आणि मिश्रणाला मागे फिरू देत नाहीत. पिंजरा उजेडाकडे धरा. मिटलेल्या पत्तीच्या कडेने उजेडाची रेघ दिसली तर पत्ती वाकलेली आहे. टोकाला टवका उडालेला असेल तर गाडी त्याच दिवशी थांबवा. पोलादी पत्तीचा तुकडा आत गेला की बोर आणि पिस्टन दोन्ही ओरबाडले जातात. सकाळी किक मारून दम लागतो, कार्बोरेटर मागे पेट्रोल फुंकतो, अशी तक्रार असेल तर इलाज नव्या पत्त्या हाच आहे. त्यावर स्पेसर लावून काही होत नाही.

२. हिशेब करा. स्पेसर म्हणजे पिंजरा आणि सिलिंडर यांच्यामध्ये बसणारी एक जाड चौकट. तिची खिडकी ४० बाय २५ मिमी आणि जाडी ८ मिमी धरली तर आतली जागा ८ सीसीने वाढते. खालच्या बाजूचं कॉम्प्रेशन १.४५ धरलं तर ते १.४३ च्या आसपास येतं. फरक थोडा आहे, पण त्याची दिशा ओळखा: वरच्या आरपीएमला श्वास मोकळा होतो, खालच्या आरपीएमची ओढ किंचित ढिली पडते. पत्त्या पिस्टनपासून लांब गेल्याने मिश्रणाला वळायला जागा मिळते, हा खरा फायदा. तरीही माझं मत स्पष्ट आहे. स्पेसर बसवल्यावर गाडी सुधारली असं जे सांगतात, त्यांच्या गाडीत बहुतेक वेळा साफ झालेला कार्बोरेटर आणि नवं पॅकिंग बोलत असतं.

३. चौकट सपाट हवी. लेथवाल्याकडून करून घेतलीत तर काचेवर ठेवून चारही कोपरे दाबून बघा. डुगडुगली तर परत पाठवा. खिडकीची कड आत डोकावत असेल तर घासून सिलिंडरच्या तोंडाशी जुळवा.

४. बोल्ट जुने चालत नाहीत. स्पेसरची जाडी अधिक वाढीव पॅकिंग एवढी लांबी जास्त हवी. आखूड बोल्ट दोन-तीन आट्यांवर धरतो आणि अ‍ॅल्युमिनियमचे आटे घेऊन बाहेर येतो. फार लांब असेल तर भोकाच्या तळाला टेकतो. हाताला घट्ट लागतो, पण पॅकिंग दाबलेलंच नसतं. आवळताना तिरपे आवळा, थोडे थोडे.

५. चोरटी हवा इंजिन मारते. पूर्वी जिथे गळतीची शक्यता दोन जोडांवर होती तिथे आता तीन जोड झाले. कार्बोरेटरच्या पुढून शिरणारी हवा पेट्रोलही आणत नाही आणि ऑइलही नाही. मिश्रण पातळ होतं, पिस्टनचं डोकं तापतं आणि गाडी मांजरसुंब्याच्या घाटात भर उन्हात सीज होते. थ्रॉटल सोडल्यावरही इंजिन चढ्या आवाजातच राहिलं तर ही हवाच समजा. पॅकिंग चांगल्या गॅसकेट पेपरचं कापा. साधा सिलिकॉन चोपडू नका. पेट्रोलने तो मऊ पडतो आणि त्याचे धागे पत्त्यांत अडकतात.

तपासायला बीपी मशीनचा रबरी फुगा आणि काटा उत्तम. सायलेन्सर आणि कार्बोरेटर काढून दोन्ही तोंडं रबरी बुचाने बंद करा, प्लग जागेवर ठेवा, आणि एका बुचातून दाब द्या. काट्याचा ३०० चा आकडा म्हणजे साधारण ५.८ पीएसआय, त्यापुढे जाऊ नका, क्रँकचं ऑइल सील जागा सोडेल. काटा काही मिनिटं स्थिर राहायला हवा. खाली आला तर जोडांवर साबणाचं पाणी सोडा, बुडबुडे जागा दाखवतात. एवढी तपासणी झाल्याशिवाय मी गाडी कोणाच्या हातात देत नाही.

६. जेट ऋतू बघून ठरवा. सुरुवात मोठ्या मेन जेटने करा, मग एकेक पायरी खाली या. फुल थ्रॉटलवर लांब पळवून क्लच दाबा, तिथेच इंजिन बंद करा आणि प्लग काढून बघा: तपकिरी ठीक, पांढरा धोक्याचा. मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना हवा विरळ असते. तेव्हा बरोबर बसलेला जेट डिसेंबरच्या थंड पहाटे पातळ पडतो. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्यात ऑक्सिजन आधीच असल्याने तेही पातळपणाकडेच ओढतं. या कार्बोरेटरला सेन्सर नाही, सांभाळायचं ते आपणच.

७. कार्बोरेटर मागे सरकला की एअर फिल्टरचा रबर दुमडतो. तो नीट बसवा, आपल्याकडची धूळ फटीतून थेट पत्त्यांवर जाते. ऑइल पंपाच्या पुलीची खूणही पुन्हा जुळवा.

८. सगळ्यांना स्पेसर सुचवू नये. धारूरच्या घाटात डबल सीट, वर धान्याचं पोतं, अशी गाडी खालच्या आरपीएमवरच जगते. ऊसतोडीच्या हंगामात मुकादम फडाफडांतून हिंडतो, त्याला टॉप स्पीडशी देणंघेणं नाही. पहिल्या गिअरला चिखलातून गाडी निघाली पाहिजे. अशा गाडीत मी नव्या पत्त्या, ताजं पॅकिंग आणि साफ जेट एवढंच बसवतो. हौसेने मोकळ्या रस्त्यावर पळवणाऱ्याला मात्र स्पेसर जरूर बसवून देतो, आणि पाचशे किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा बघायला त्याला परत बोलावतो.