छातीतली जळजळ आणि पेशींची वर्दी



करंजाडे (पनवेल) येथे मुलाकडे राहायला गेलेले आपले एक सभासद गळिताच्या तोंडावर गावी आले. भाकरीचा घास छातीत अडकतो, म्हणाले. त्याआधी सहा महिने सोडा पिऊन त्यांनी जळजळ दाबली होती. आम्ही त्यांना डॉक्टरांकडे धाडले. दुर्बिणीच्या तपासणीत अन्ननलिकेला सूज व जखमा निघाल्या. वेळेत निघाल्या, हेच सुदैव. म्हणून आजचा हा पाठ.

अन्ननलिका साधारण 25 सेंटिमीटर लांब. तिला आतून चपट्या पेशींच्या थरांचे अस्तर असते. तळाशी, पाटाच्या दारासारखा, आवळून धरणारा स्नायू असतो. तो सैल पडला की जठरातले आम्ल वर चढते.

हे आम्ल अस्तराला वरून जाळत खाली जाते, असेच पूर्वी मानत. पण अमेरिकेत डलास येथे डॉ. र्‍होंडा सूझा व डॉ. स्टुअर्ट स्पेक्लर यांच्या चमूला 2009 साली उंदरांत उलटेच दिसले. सूज आधी खोल थरात आली, वरचा थर मागाहून खरवडला. 2016 साली औषध थांबवलेल्या 12 रुग्णांतही सुरुवात आतूनच झालेली दिसली. रुग्ण थोडे, पण मुद्दा मोठा. आम्ल-पित्त लागले की अस्तराच्या पेशी इंटरल्युकिनसारखी रसायने सोडतात. ही झाली वर्दी. ती मिळताच रक्तातल्या संरक्षक पेशी धावून येतात आणि त्यांच्याच मार्‍याने अस्तर जखमी होते. उसाचा फड पेटला की विझवायला आलेल्यांच्या पायाखालीही ऊस तुडवला जातो ना, तसंच हे!

सोड्याने जळजळ घटकाभर थांबते. आम्ल पुन्हा चढते, वर्दी चालूच राहते. तेव्हा सभासदांनी एवढे करावे :

1. रात्रीचे जेवण झोपण्याआधी दोन-तीन तास उरकावे. खाटेचा उशाकडचा भाग वीतभर उंच करावा.

2. तंबाखू, मिश्री, दारू सोडावी. तंबाखूने तो स्नायू ढिला पडतो आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका वाढतो. घरातल्या बायामाणसांनाही हे सांगावे.

3. डॉक्टरांनी दिलेली आम्ल कमी करणारी गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

4. घास अडकणे, वजन घटणे, रक्ताची उलटी, काळी शौचास होणे, यांपैकी काही दिसले तर तोडणी संपायची वाट पाहू नये. ऊस चार दिवस थांबेल. हे दुखणे थांबत नाही.